नाताळची सुट्टी आणि मद्रासचा डिसेंबर

ब्रिटिश व अमेरिकन संस्कृतीतील नाताळ म्हटला की सजवलेले झाड, शुभेच्छापत्रे, केक आणि सांताक्लॉज आठवतात. या रूढी फार प्राचीन असाव्यात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात प्युरिटन पंथीयांना हा सण म्हणजे चैनबाजी वाटे. १६४७ मध्ये इंग्लंडच्या संसदेने तो बंद केला. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला.

आजचा घरगुती नाताळ मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घडला. १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरियाचे कुटुंब झाडाभोवती जमल्याचे चित्र छापले. दोन वर्षांनी एका अमेरिकन मासिकाने तेच चित्र राणीचा मुकुट आणि प्रिन्स अल्बर्टच्या मिशा पुसून छापले, आणि राजघराण्याचे साधे अमेरिकन कुटुंब झाले! डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १८४३ची. तिच्यातला मालक कारकुनाला नाताळची एक दिवसाची रजासुद्धा कुरकुरत देतो. हा प्रसंग लक्षात ठेवावा, कारण सणाबरोबर सुट्टीही घडत होती. इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर ही बँकांची कायदेशीर सुट्टी झाली ती १८७१ मध्ये. स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये आली.

आता मद्रासकडे, म्हणजे आजच्या चेन्नईकडे वळू. तेथील सेंट जॉर्ज किल्ल्यातले सेंट मेरी चर्च १६८० चे, त्यामुळे इंग्रजांचा नाताळ या शहराला जुनाच. (मराठीतला ‘नाताळ’ हा शब्द मात्र इंग्रजांचा नाही, पोर्तुगीजांचा.) हिंदू-मुसलमान व्यापारी आणि हाताखालचे नोकर या दिवशी साहेबाच्या बंगल्यावर फळांची, मिठाईची ‘डाली’ पाठवत. पण बहुसंख्य शिक्षित भारतीयांच्या आयुष्यात नाताळ शिरला तो झाड किंवा केक घेऊन नव्हे, तर दिनदर्शिकेतून. इंग्रजी पद्धतीची न्यायालये, कचेऱ्या आणि महाविद्यालये डिसेंबरअखेर बंद राहू लागली. वकील, शिक्षक आणि सरकारी नोकर एकाच वेळी मोकळे होत, असा हा वर्षातला दुर्मीळ आठवडा होता. प्रवासाला हवाही बरी. मुंबई आणि मद्रास १८७१ मध्ये रायचूरमार्गे रेल्वेने जोडली गेली होती.

राष्ट्रीय काँग्रेसने हाच आठवडा निवडला. पहिली परिषद २५ ते ३१ डिसेंबर १८८५ या काळात पुण्यात भरवण्याचे ठरले होते. पटकीच्या साथीमुळे ती २८ डिसेंबरला मुंबईत भरली. राष्ट्रीय चळवळीच्या बैठकीची तारीख राज्यकर्त्यांच्या धार्मिक सणाने ठरवावी, यातली विसंगती मला मोठी वाटते. त्या पिढीला ती सोय वाटली.

१८८७ चे तिसरे अधिवेशन मद्रासला झाले. अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, प्रतिनिधी ६०७. स्वागत समितीचे अध्यक्ष राजा सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण राहिलेले. त्याच मुक्कामात महादेव गोविंद रानडे आणि दिवाणबहादूर आर. रघुनाथराव यांनी सामाजिक परिषदेची स्थापना केली. रघुनाथरावही तंजावरी मराठीच. रानडे सरकारी न्यायाधीश असल्याने त्यांना राजकारणात उघडपणे पडता येत नव्हते, पण विधवाविवाह, बालविवाह अशा प्रश्नांवर बोलता येत होते. नाताळच्या रजेने त्यांना त्यासाठी दरवर्षी काही दिवस मिळवून दिले. परिषद काँग्रेसच्याच मांडवात भरे. १८९५ मध्ये पुण्यात त्या मांडवावरूनच जो वाद पेटला, तो मराठी वाचकांना परिचित आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये काँग्रेस पुन्हा मद्रासला आली. अधिवेशनाला जोडून अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि तिच्यातून १९२८ मध्ये मद्रासची म्युझिक अकादमी उभी राहिली. काँग्रेसने स्वतः मात्र लवकरच हा आठवडा सोडला. १९२९ च्या लाहोर अधिवेशनात वार्षिक बैठक फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावी असे ठरले, कारण कडाक्याच्या थंडीत गरीब प्रतिनिधींना उबदार कपड्यांचा खर्च झेपत नव्हता. वकिलांच्या सुट्टीवर बेतलेली तारीख शेतकऱ्याला सोयीची असेलच असे नाही, हे उमगायला ४४ वर्षे लागली. पुढचे अधिवेशन मार्च १९३१ मध्ये कराचीला झाले.

संगीताचा हंगाम मात्र डिसेंबरातच रुजला, कारण इथे नाताळची सुट्टी तमिळ पंचांगाशी जुळली. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मार्गळी महिना असतो. त्यात पहाटे मंदिरांतून आंडाळची ‘तिरुप्पावै’ गातात आणि लग्ने टाळतात. लग्नातल्या मैफिली नसल्याने गवई मोकळे, न्यायालये बंद असल्याने श्रोते मोकळे. अकादमीत आजही सकाळी सप्रयोग व्याख्याने आणि दुपारपासून मैफिली असा क्रम चालतो, आणि हंगाम साधारण १ जानेवारीला संपतो, मद्रास उच्च न्यायालयाची नाताळची सुट्टी संपते त्याच सुमारास.