हापूसचा हवाई प्रवास : शीतसाखळी, कीड-तपासणी आणि परदेशी बाजारपेठ (१९३२ ते २०२५)

प्रस्तावना

कोकणचा हापूस आंबा सातासमुद्रापार पोहोचला तो विमानामुळे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे विधान चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. विमानाने अंतराचा प्रश्न सोडविला. दाराचा प्रश्न मात्र तसाच राहिला. आयात करणाऱ्या देशाने आपले दार केव्हा उघडावे आणि कोणत्या अटीवर उघडावे, यावर हापूसचा प्रवास अवलंबून राहिला, आणि त्या अटी फळमाशी व कोयीतील भुंगा या दोन किडींच्या भोवती रचल्या गेल्या. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे.

गणेशखिंडचे प्रयोग

विमानाच्या आधी जहाज होते. पुण्यातील गणेशखिंड येथे मुंबई सरकारचे उद्यानतज्ज्ञ जी. एस. चीमा आणि त्यांचे सहकारी यांनी १९३० च्या दशकात आंब्याच्या शीत साठवणुकीचे पद्धतशीर प्रयोग केले. १९३२ व १९३३ या हंगामांत युरोपला जहाजाने आंबा पाठविण्याचे प्रयोग झाले आणि त्यांचा अहवाल १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रयोगांचे महत्त्व पुढे विमानयुगातही टिकले, कारण त्यांतून आंब्याचा स्वभाव समजला. सफरचंद शून्य अंशाच्या जवळपास महिनोन्‌महिने राहते. आंबा हे उष्ण प्रदेशातील फळ असल्यामुळे त्याला अतिथंडी बाधते. साल काळवंडते, गर नीट पिकत नाही, सुवास जातो. गोठविण्याचा तर प्रश्नच येत नाही. गोठविलेला अथवा डबाबंद रस हा वेगळा व्यापार असून तो जहाजानेच चालत आला आहे. ताज्या हापूसला साधारण १२ ते १३ अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि त्या तापमानातही त्याचे आयुष्य काही आठवड्यांचेच असते. जहाजाचा प्रवासही काही आठवड्यांचाच. हिशेब जुळत नव्हता.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनकडे झेपावले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आणि १९७१ मध्ये बोइंग ७४७ ही विमाने एअर इंडियाच्या ताफ्यात आली. जंबो विमानाच्या पोटात प्रवाशांच्या सामानाखेरीज बरीच जागा उरत असे. त्या जागेतून एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या आखाती देशांकडे व लंडनकडे जाऊ लागल्या. हापूससाठी स्वतंत्र विमान क्वचितच उडाले. तो प्रवाशांच्या पायाखालून गेला. हवाई भाडे हा खर्चातील मोठा भाग असल्याने परदेशातील गिऱ्हाईक प्रामुख्याने स्थलांतरित भारतीयच राहिले.

झेल्यापासून विमानापर्यंत

निर्यातीचा आंबा झाडावरच निवडला जातो. कोकणातील बागायतदार फळाची तयारी आण्यांत मोजतात. दूरच्या बाजारासाठी साधारण चौदा आणे तयार फळ झेल्याने, देठासह उतरविले जाते. देठ तुटला की चीक सालीवर पसरतो आणि डाग पडतो. घरच्या आढीत असा आंबा खपून जातो, परदेशी पेटीत नाही. त्यात साक्याची धास्ती असते. साका बाहेरून दिसत नाही. फळ कापल्यावरच कळतो, आणि तोवर ते लंडनच्या ताटात पोहोचलेले असते.

शीतसाखळी या शब्दावरून थंडीची एक अखंड वाट डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तिचा सर्वांत कच्चा दुवा विमानतळावरच असतो. शीतगृहातून निघालेली पेटी विमानात चढेपर्यंत मे महिन्याच्या मुंबईत, तापलेल्या फरशीवर जो काळ काढते, तो आधीच्या सर्व काळजीवर पाणी फिरवू शकतो.

लासलगावमार्गे न्यूयॉर्क

फळांतील कीड मारण्यासाठी पूर्वी एथिलीन डायब्रोमाइड या रसायनाची धुरी दिली जाई. कर्करोगाच्या भीतीमुळे अमेरिकेने १९८४ पासून त्याचा वापर बंद करण्यास सुरुवात केली. जपानने १९८६ मध्ये फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंबा थांबविला. अमेरिकेचे दार १९८९ पासून बंद झाल्याचे सांगितले जाते. विमाने होती, शीतगृहे होती, खाणारेही होते. पण आंब्याला वाट नव्हती. जवळजवळ दोन दशके ही स्थिती राहिली.

जपानने २००६ मध्ये बंदी उठविली ती बाष्प-उष्णता उपचाराच्या अटीवर : फळाचा गाभा ४७.५ अंशांपर्यंत तापवून वीस मिनिटे तसाच ठेवायचा. थंडीत जपायचे फळ आधी तापवायचे, ही या व्यापारातील विसंगती होय. अमेरिकेचा मार्ग निराळा होता. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या दिल्ली भेटीत अणुकराराबरोबर आंब्याचाही विषय निघाला, आणि पुढील वर्षी आंब्याच्या बदल्यात हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना भारताचे दार उघडल्याची चर्चा झाली. अट होती किमान ४०० ग्रे मात्रेच्या विकिरणाची. त्यासाठी मान्यता मिळाली ती भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लासलगाव येथील ‘कृषक’ केंद्राला. २००२ मध्ये सुरू झालेले हे केंद्र मूळचे कांद्यासाठी, त्याचे कोंब रोखण्यासाठी होते. त्यामुळे देवगड-रत्नागिरीचा आंबा घाट चढून नाशिक जिल्ह्यातील कांद्याच्या बाजारगावी जाई, कोबाल्टच्या किरणांखालून निघे आणि पुन्हा मुंबईच्या विमानतळावर उतरे. एप्रिल २००७ च्या अखेरीस पहिल्या पेट्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. पुढे वाशी येथे राज्य कृषी पणन मंडळाचे विकिरण केंद्र झाल्याने हा वळसा वाचला.

विकिरणाचे एक वैशिष्ट्य येथे नोंदविणे आवश्यक आहे. या मात्रेने कीड तत्काळ मरतेच असे नाही. तिची वाढ व प्रजनन खुंटते. उपचार झालेले फळ आणि न झालेले फळ दिसायला सारखेच. म्हणून उपचाराचा पुरावा फळावर नसतो, कागदावर असतो. अमेरिकेचा निरीक्षक भारतातील केंद्रावर उपस्थित राहून तो कागद देतो आणि त्याच्या प्रवास-मुक्कामाचा खर्च भारतीय बाजूने सोसावा लागतो. महासाथीमुळे निरीक्षक येऊ न शकल्याने २०२० व २०२१ हे दोन्ही हंगाम अमेरिकेची निर्यात बंद राहिली. ती २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली.

युरोपचे दार

ब्रिटनमध्ये हापूस वर्षानुवर्षे विशेष अडथळ्याविना जात होता. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा तसेच अळू, कारली, वांगी व पडवळ यांवर बंदी घातली. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत किडी आढळल्याचे कारण देण्यात आले. ऐन हंगामातील ही बंदी लंडन व लेस्टर येथील भारतीय दुकानदारांना जितकी झोंबली, तितकीच बागायतदारांना. निर्यातीसाठी राखलेला माल वाशीच्या बाजारात उतरवावा लागला. उष्णजल प्रक्रियेची सोय व नोंदणीकृत पॅकहाऊसची सक्ती झाल्यावर २०१५ च्या आरंभी आंब्यावरील बंदी उठली. दुबई व इतर आखाती देशांनी अशा अटी घातल्या नव्हत्या, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईकही तेच होते. ही संगती सहज दुर्लक्षिली जाते.

दरम्यान जुनी वाट पुन्हा चाचपली गेली. जून २०२२ मध्ये विकिरण केलेल्या केशर आंब्याचा सोळा टनांहून अधिक वजनाचा कंटेनर न्हावा-शेव्याहून जहाजाने अमेरिकेला रवाना झाला आणि सुमारे २५ दिवसांनी पोहोचला. चीमा यांच्यापुढील हिशेब नव्वद वर्षांनी, नियंत्रित वातावरणाच्या कंटेनरमुळे, जुळू लागला होता. निवड केशरची होती, हे मात्र लक्षात घ्यावे लागेल. हापूस त्याच्यापेक्षा नाजूक.

मे २०२५ मध्ये नवी मुंबईतील केंद्रावर विकिरण झालेल्या आंब्याच्या पंधरा खेपा विमानाने लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को व अटलांटा येथे पोहोचल्या आणि तेथेच अडकल्या. कीड सापडली नव्हती. उपचाराच्या प्रमाणपत्रात त्रुटी असल्याचे कारण होते. माल परत आणावा किंवा नष्ट करावा, असे दोन पर्याय निर्यातदारांपुढे ठेवण्यात आले. परतीचे हवाई भाडे आंब्याच्या किमतीला परवडणारे नव्हते आणि तेवढ्या दिवसांत फळ टिकणारेही नव्हते. सुमारे पाच लाख डॉलर किमतीचा अंदाजलेला तो आंबा अमेरिकेतच नष्ट करण्यात आला.