तिरका कॅमेरा आणि कारखान्याचं चित्र

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा छायाचित्रात कसा दिसतो, हा आपला विषय. तो मी एकाच प्रश्नातून मांडतो: कॅमेरा तिरका धरायचा तो कशासाठी?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. कॅमेऱ्याचं तोंड वर केलं, की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात; चिमणी वर निमुळती दिसते. कॅमेराच एका बाजूला कलंडवला, तर क्षितिज तिरकं होतं. या दुसऱ्या प्रकाराला सिनेमावाले ‘डच अँगल’ म्हणतात. त्याचा हॉलंडशी संबंध नाही. ‘डॉइच’, म्हणजे जर्मन, याचा तो अपभ्रंश मानतात.

हे सुचलं कधी? काचेच्या प्लेटचा अवजड कॅमेरा तिवईवर असायचा, पाणसळ लावून. तो कलंडवणार कोण? 1925 मध्ये लायका बाजारात आला, कॅमेरा हातात आला, आणि हाताबरोबर नजरही फिरायला लागली. त्याच वर्षी मॉस्कोत अलेक्झांडर रॉडचेन्को यांनी स्वतःच्या इमारतीच्या बाल्कन्या थेट खालून टिपल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: बेंबीच्या उंचीवरून बघायची सवय मोडा, म्हणजे ओळखीची वस्तू नव्याने दिसेल.

जर्मन सिनेमातली ही नजर पुण्यातही पोचली. ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी व्ही. शांताराम जर्मनीला गेले होते. ‘प्रभात’ 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि पुढच्याच वर्षी ‘अमृतमंथन’ आला. त्यातला राजगुरूचा पडदाभर डोळा आठवा. तो क्लोजअप आहे, तिरका कोन नाही. पण तत्त्व तेच: कॅमेरा कुठे आणि कसा ठेवला, यावरून प्रेक्षकाला भीती वाटते.

आता अवघड भाग. 1933 मध्ये रॉडचेन्को श्वेतसमुद्र कालव्यावर गेले. तो कालवा कैद्यांच्या सक्तीच्या श्रमातून झाला. हजारो माणसं मेली. त्यांची छायाचित्रं सरकारी मासिकाच्या खास अंकात छापली गेली. एका छायाचित्रात कैदी राबताहेत आणि बँड वाजतोय. रचना बघत राहावी अशी आहे, आणि तिथला मृत्यू त्या चौकटीत कुठेच नाही. तिरका कोन चित्राला जोम देतो. तो जोम कुणाच्या घामाचा, हे मात्र सांगत नाही.

हे इथे का सांगतोय? 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग मोटारींचे कारखाने आले. देश उभा राहतोय हे चित्रात दाखवायचं, म्हणून कॅमेरा खाली ठेवून वर बघायचा. टाक्या आणि टॉवर आभाळाला भिडतात. शेजारचा माणूस ठिपका होतो. अशा चित्रात यंत्राची भव्यता कळते, पण पाळी संपताना खांदे का दुखतात, ते कळत नाही.

चाकणला तर उंच फारसं काही नाही. लांबच लांब, सपाट शेड. आपण काय करतो? चित्र मिळमिळीत वाटलं, की कॅमेरा कलंडवतो. मग शेड पडायला आल्यासारखी दिसते. माझं म्हणणं असं आहे:

एक, असेंब्ली लाइन कोपऱ्यातून बघितली, तर ती स्वतःच चौकटीत कर्ण काढते. रोबोचा हातही मुळातच तिरका. तिथे कॅमेरा सरळ ठेवा.

दोन, कलंडवायचाच तर ठामपणे कलंडवा. तीन-चार अंशांचा कल चूक वाटते. वीस अंशांचा कल निर्णय वाटतो.

तीन, एक रेषा चौकटीच्या कडेला समांतर ठेवा, आणि जमलं तर ती माणसाची असू द्या. वाकून वेल्डिंग करणाऱ्याच्या पाठीचा कल पकडून कॅमेरा असा फिरवा, की ती पाठ चौकटीत सरळ येईल आणि कारखाना तिरका होईल. मग बघणाऱ्याला त्या वाकण्याचं माप कळतं.

रॉडचेन्को यांचं 1930 च्या सुमाराचं पायऱ्यांचं छायाचित्र बघा. सगळ्या पायऱ्या तिरक्या, लांब सावल्या, आणि मधून मूल कडेवर घेऊन वर जाणारी एक बाई. कोन तोच, पण इथे तो तिच्या चढण्यासाठी वापरला आहे. कालव्याच्या छायाचित्राशेजारी हे ठेवून बघा, आणि मग आपल्या कारखान्यांचे जुने अल्बम उघडा.