इस्रायल-अरब प्रादेशिक शांतता करार : आधी भूमी की आधी मान्यता?

इस्रायल आणि अरब राष्ट्रे यांच्यात शांतता करार झालेच नाहीत असे नाही. पण जे झाले ते एकेका राष्ट्राशी, सुटे सुटे झाले. इजिप्तने १९७९ साली, जॉर्डनने १९९४ साली, तर संयुक्त अरब अमिराती व बहारीन यांनी २०२० साली इस्रायलशी करार केले. संपूर्ण प्रदेशाला बांधून घेणारा आणि पॅलेस्टाइनचा प्रश्न मिटवणारा करार मात्र १९४८ पासून आजतागायत झालेला नाही. तो का रखडला हे समजून घ्यायचे, तर वादाच्या मुद्द्यांइतकाच त्यांच्या क्रमाचाही विचार करावा लागतो. आधी भूमी सोडायची की आधी मान्यता द्यायची, या एका प्रश्नाभोवती अनेक दशकांची मुत्सद्देगिरी फिरत राहिली आहे.

पार्श्वभूमी

१९४९ साली इस्रायलने इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन आणि सीरिया यांच्याशी युद्धविरामाचे करार केले. त्यांतून आखल्या गेलेल्या रेषा म्हणजे मान्य सरहद्दी नव्हत्या. जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम, गाझा, सिनाई आणि गोलन टेकड्या ताब्यात घेतल्या. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने २४२ क्रमांकाचा ठराव संमत केला. व्याप्त प्रदेशातून माघार आणि प्रत्येक राष्ट्राचा सुरक्षित, मान्य सीमांत जगण्याचा हक्क ही त्याची दोन सूत्रे होती. ‘भूमीच्या बदल्यात शांतता’ हे तत्त्व येथूनच रूढ झाले.

इजिप्तचा अनुभव

हे तत्त्व प्रत्यक्षात उतरले ते इजिप्तच्या बाबतीत. नोव्हेंबर १९७७ मध्ये अन्वर सादात जेरुसलेमला गेले, सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिड येथे आराखडा ठरला आणि २६ मार्च १९७९ रोजी करार झाला. त्याचे बळ टप्प्यांत होते. जानेवारी १९८० मध्ये इस्रायलने सिनाईचा मोठा भाग सोडला आणि पुढच्याच महिन्यात दोन्ही देशांनी राजदूत नेमले. एप्रिल १९८२ मध्ये माघार पूर्ण झाली. ताबा या चिमुकल्या भूभागाचा उरलेला वाद १९८८ साली लवादाने सोडवला आणि पुढील वर्षी तो भाग इजिप्तला परत मिळाला. या शांततेची किंमतही मोठी होती. अरब लीगने इजिप्तला दूर केले आणि ऑक्टोबर १९८१ मध्ये सादात यांची हत्या झाली. तरीही तो करार आजवर मोडलेला नाही.

बेरूतचा प्रस्ताव

मार्च २००२ मध्ये बेरूत येथील अरब शिखर परिषदेने सौदी अरेबियाचे तत्कालीन युवराज अब्दुल्ला यांचा प्रस्ताव स्वीकारला. १९६७ मध्ये व्यापलेल्या सर्व प्रदेशातून माघार, पूर्व जेरुसलेम राजधानी असलेले पॅलेस्टिनी राष्ट्र आणि निर्वासितांच्या प्रश्नावर सहमतीने न्याय्य तोडगा, अशा तीन अपेक्षा त्यात होत्या. त्या बदल्यात अरब राष्ट्रे संघर्ष संपला असे मानून इस्रायलशी सर्वसाधारण संबंध ठेवणार होती. परिषद भरली त्याच वेळी नेतान्या येथील आत्मघातकी स्फोटात ३० जण ठार झाले आणि काही दिवसांत इस्रायली सैन्य पश्चिम किनाऱ्यावरील शहरांत शिरले. प्रस्ताव कागदावरच राहिला. २०१३ साली अरब लीगच्या शिष्टमंडळाने किरकोळ भूभागांच्या अदलाबदलीस तत्त्वतः संमती देऊन तो मवाळ केला. तरी बोलणी पुढे सरकली नाहीत.

उलटलेला क्रम

२०२० च्या अब्राहम करारांनी हा क्रम उलटा केला. पॅलेस्टाइनचा प्रश्न अनिर्णित असतानाच राजनैतिक संबंध, विमानसेवा आणि व्यापार सुरू झाला. हा प्रश्न बाजूला ठेवूनही प्रदेश जोडता येईल, असा त्यामागचा होरा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतील जी-२० परिषदेत जाहीर झालेला भारत-पश्चिम आशिया-युरोप मार्गही अमिराती, सौदी अरेबिया, जॉर्डन व इस्रायल यांच्या सहकार्यावरच विसंबून होता.

महिन्याभरातच, ७ ऑक्टोबर रोजी, हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० लोक मारले गेले आणि सुमारे २५० ओलीस नेले गेले. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये तेथील आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार ६५ हजारांहून अधिक लोकांनी प्राण गमावले. बाजूला ठेवलेला प्रश्न संपलेला नसतो, हे या रक्तपाताने दाखवून दिले. असे असूनही २०२० च्या करारांतील अमिराती, बहारीन आणि मोरोक्को यांनी संबंध तोडले नाहीत, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

अडसर आणि फटी

आजची कोंडी स्पष्ट आहे. जुलै २०२४ मध्ये इस्रायली संसदेने पॅलेस्टिनी राष्ट्राच्या स्थापनेविरुद्धचा ठराव ६८ विरुद्ध ९ मतांनी संमत केला. दोनच महिन्यांनी सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी असे राष्ट्र झाल्याशिवाय इस्रायलशी संबंध जोडणार नाही, असे जाहीर केले. पश्चिम किनाऱ्यावर, पूर्व जेरुसलेम वगळूनही, पाच लाखांहून अधिक इस्रायली वसाहतवासी राहतात. नोंदणीकृत पॅलेस्टिनी निर्वासितांची संख्या ५० लाखांहून अधिक आहे. पॅलेस्टिनी नेतृत्व गाझा आणि रामल्ला यांत २००७ पासून विभागलेले आहे.

मात्र सर्व दारे बंद नाहीत. औपचारिक शांतता नसतानाही इस्रायल व लेबनॉन यांनी २०२२ साली सागरी हद्द ठरवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गाझात युद्धविराम झाला. नोव्हेंबरमधील सुरक्षा परिषदेच्या २८०३ क्रमांकाच्या ठरावाने तेथे आंतरराष्ट्रीय दलास मंजुरी दिली आणि पॅलेस्टिनी राष्ट्राच्या वाटेचा उल्लेख केला. पण ती वाट पॅलेस्टिनी प्रशासनातील सुधारणांवर अवलंबून ठेवली आणि तिला कालमर्यादा घातली नाही.

भारताचा संबंध

१९४७ साली भारताने फाळणीच्या योजनेविरुद्ध मत दिले, १९५० मध्ये इस्रायलला आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता दिली. इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये जोडले. मराठी माणसाचे धागे दोन्ही बाजूंना गुंतले आहेत. कोकणातून इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायली समाजाने तेथेही मराठी जपली, तर गोवा आणि कोकणातील कितीतरी घरांची चूल आखातातील नोकऱ्यांवर पेटते. १९९० साली कुवेतमधून जीव मुठीत धरून परतलेल्यांत गोमंतकीयही होते.

इजिप्तचा करार टिकला, कारण त्यात माघार आणि मान्यता हातात हात घालून, तारखांनिशी पुढे सरकली. बेरूतच्या प्रस्तावात मोबदला होता, पण टप्पे नव्हते. अब्राहम करारांत संबंध होते, पण पॅलेस्टिनी जनता नव्हती. पुढचा कोणताही प्रादेशिक करार पारखताना स्वाक्षऱ्या किती यापेक्षा, कोणत्या पावलाच्या बदल्यात कोणते पाऊल आणि केव्हा, हे त्यात लिहिले आहे की नाही, हेच आधी पाहावे लागेल.