सीमेपलीकडचे निवृत्तिवेतन

जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत 1883 मध्ये आजारपणाचा, 1884 मध्ये अपघाताचा आणि 1889 मध्ये अपंगत्वाचा व वार्धक्याचा सक्तीचा विमा कायद्याने सुरू झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत युरोपातल्या इतर औद्योगिक देशांनीही आपापल्या परीने तोच मार्ग धरला. हे सारे कायदे एका गृहीतावर उभे होते : मजूर ज्या देशात राबतो त्याच देशात तो आजारी पडेल, तेथेच म्हातारा होईल आणि त्याची बायकामुलेही तेथेच असतील. प्रत्यक्षात याच काळात लाखो इटालियन मजूर फ्रान्सच्या मिठागरांत, बंदरांत आणि बांधकामांवर राबत होते आणि त्यांची कुटुंबे मात्र आल्प्सच्या पलीकडे गावीच होती.

फ्रान्सचा 9 एप्रिल 1898 चा अपघात-भरपाई कायदा या विसंगतीचा सर्वांत बोलका नमुना म्हणता येईल. कामावर अपघात झाला की मालकाने भरपाई द्यावी, त्यासाठी मजुराने मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही, असे हा कायदा सांगत होता आणि त्या काळाच्या मानाने ते मोठेच पाऊल होते. मात्र त्याच्या तिसऱ्या कलमात दोन तरतुदी होत्या. जखमी परदेशी मजूर फ्रान्स सोडून गेला, तर त्याचे आयुष्यभराचे वार्षिक वेतन बंद होऊन त्याच्या तिप्पट रक्कम एकरकमी हातावर पडे. आणि परदेशी मजूर मेला, तर अपघाताच्या वेळी फ्रान्समध्ये राहत नसलेल्या त्याच्या वारसांना काहीही मिळत नसे. इटलीतल्या पिएमाँतच्या खेड्यातील विधवेचा नवरा मार्सेच्या धक्क्यावर चिरडला गेला, तरी कायद्याच्या लेखी ती कोणीच नव्हती. याचा एक अर्थ असाही होत होता की मालकाच्या दृष्टीने परदेशी मजुराचा मृत्यू फ्रेंच मजुराच्या मृत्यूपेक्षा स्वस्त पडे आणि त्यामुळे परदेशी माणूस कामावर घेण्याला कायद्यानेच एक प्रकारचे बक्षीस लावले होते. 1893 मध्ये एग-मोर्तच्या मिठागरांत इटालियन मजुरांवर जमावाने केलेले प्राणघातक हल्ले पाहिले, तर स्वस्त परदेशी मजुराविषयीचा फ्रेंच कामगारांचा राग किती तीव्र होता हे कळते. 1898 च्या कायद्याने त्या रागाचे कारण दूर केले नाही, उलट पक्के केले.

या कोंडीतून 15 एप्रिल 1904 रोजी रोम येथे फ्रान्स आणि इटली यांच्यात झालेला श्रमकरार निघाला आणि आजच्या सर्व द्विपक्षीय सामाजिक सुरक्षा करारांचा मूळपुरुष तोच मानला जातो. इटलीच्या बाजूने कोषमंत्री लुईजी लुत्साती आणि फ्रान्सच्या बाजूने श्रम-विभागाचे संचालक आर्त्यूर फॉन्तेन यांनी तो घडवला. दोन्ही देशांच्या बचत बँकांतील ठेवी मजुराला खर्चाविना सीमेपार नेता याव्यात, अपघाताच्या भरपाईत नागरिक आणि परदेशी असा भेद राहू नये आणि पुढे निवृत्तिवेतनाच्या बाबतीतही दोन्हीकडच्या वर्गण्या जुळवता याव्यात, असे त्याचे सूत्र होते. त्याची खरी ओळख मात्र इटलीने बदल्यात काय दिले यावरून पटते : कारखान्यांची सरकारी तपासणी सुरू करण्याचे आणि स्त्रियांच्या कामाचे तास कमी करण्याकडे वळण्याचे वचन इटलीने दिले. फ्रेंच कारखानदारांना इटलीतल्या स्वस्त, अनिर्बंध उत्पादनाची धास्ती होती आणि तिच्यावरचा उतारा त्यांना या करारात मिळत होता. करुणेच्या भाषेत लिहिलेला हा करार अशा रीतीने दोन बाजारपेठांमधील व्यवहारही होता आणि तो टिकला याचे श्रेय त्या व्यवहारालाच अधिक द्यावे लागते.

ज्याच्या मागे असा व्यवहार करणारे राज्य नव्हते, त्याचे काय झाले, हे कोकणच्या किनाऱ्यावरून पाहणे उद्बोधक आहे. मुंबई बंदरातून सुटणाऱ्या ब्रिटिश जहाजांवर रत्नागिरीकडचे खलाशी डेकवर आणि गोव्याचे लोक प्रवाशांच्या जेवणाखाण्याच्या व्यवस्थेत मोठ्या संख्येने असत. ब्रिटनच्या 1911 च्या राष्ट्रीय विमा कायद्यापुढे फ्रान्ससारखाच पेच होता : ब्रिटनमध्ये घर नसलेल्या खलाशांना विम्यातून वगळले, तर जहाजमालकांना ते आणखी स्वस्त पडणार. त्यावर ब्रिटनने काढलेला तोडगा असा की अशा खलाशांसाठीही मालकाने आपला हिस्सा भरावा, पण तो पैसा त्यांच्या नावे जमा न होता वेगळ्या निधीत जावा. त्या निधीतून ब्रिटिश खलाशांना निवृत्तिवेतन देण्यात आले. मजुरीच्या स्पर्धेचा प्रश्न सुटला, मालकाचे पैसे गेले आणि ज्याच्या श्रमावर ते आकारले गेले होते तो राजापूर-दाभोळचा माणूस रिकाम्या हाताने घरी परतला. इटलीच्या परराष्ट्र खात्याने जे काम 1904 मध्ये केले, ते त्याच्यासाठी करणारे सरकार लंडनमध्येच बसलेले होते, आणि ते दुसऱ्या पक्षाचे होते.

पहिल्या महायुद्धानंतर 1919 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली आणि तिच्या नियामक मंडळाचे पहिले अध्यक्ष तेच आर्त्यूर फॉन्तेन होते, यात सातत्याचा एक धागा दिसतो. 1925 च्या एकोणिसाव्या अभिसंधीने, म्हणजे सदस्य राष्ट्रांनी स्वीकारायच्या बंधनकारक कराराने, अपघात-भरपाईत परदेशी मजुराला समान वागणूक देण्याचे तत्त्व घालून दिले आणि भारताने ती 1927 मध्ये स्वीकारली. अपघाताचा प्रश्न तुलनेने सोपा होता, कारण त्यात एकच देश, एकच मालक आणि एकच दिवस असतो. वार्धक्याच्या निवृत्तिवेतनात मात्र चाळीस वर्षांचा हिशेब असतो आणि तो तीन देशांत विखुरलेला असू शकतो. त्यासाठीची 1935 ची अभिसंधी मोजक्याच देशांनी स्वीकारली आणि थोड्याच वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले.

युद्धोत्तर युरोपात हा प्रश्न कोळशाच्या खाणीत पुन्हा उभा राहिला. 1946 च्या करारानुसार इटलीने बेल्जियमला खाणमजूर द्यायचे आणि बेल्जियमने इटलीला कोळसा विकायचा, असे ठरले. 8 ऑगस्ट 1956 रोजी बेल्जियममधील मार्सिनेल येथील खाणीत आग लागून 262 माणसे मेली, त्यांपैकी 136 इटालियन होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1957 मध्ये, युरोपीय कोळसा व पोलाद समुदायाच्या सहा देशांनी रोममध्ये स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा करार केला आणि नव्याने जन्मलेल्या युरोपीय आर्थिक समुदायाने 1958 मध्ये तोच मजकूर आपल्या विनियम क्रमांक 3 च्या रूपाने लागू केला. जकाती, शेतीमाल, स्पर्धा यांविषयीचे बहुतेक नियम त्याच्यानंतर आले.

या विनियमाने घालून दिलेली पद्धत पुढे 1971 आणि 2004 च्या विनियमांतून सुधारत गेली आणि ती समजून घेतल्याशिवाय अर्जदाराचा अनुभव कळत नाही. तिचा गाभा म्हणजे कालावधींची बेरीज : एखाद्या देशात निवृत्तिवेतनासाठी पंधरा वर्षांची अट असेल आणि मजुराने तेथे बाराच वर्षे वर्गणी भरली असेल, तर दुसऱ्या देशातली अठरा वर्षे जोडून पात्रता ठरवली जाते. रक्कम मात्र जोडून दिली जात नाही. तीसही वर्षे आपल्याकडे गेली असती तर किती देणे झाले असते, हे पहिला देश काढतो आणि त्याचा बारा-तीसांश भाग देतो. अर्ज राहत्या गावच्या कार्यालयात करता येतो, तेथे दाखल झालेली तारीख दुसऱ्या देशातही ग्राह्य धरली जाते आणि कागद परक्या भाषेत आहे म्हणून परत पाठवता येत नाही. ही शेवटची तरतूद किरकोळ वाटेल, पण मुदत हुकल्यामुळे हक्क गमावणाऱ्या विधवेसाठी ती बाकीच्या सर्व कलमांइतकीच मोलाची होती. ‘ई 205’ हा विम्याच्या कालावधींचा दाखला कित्येक दशके एका देशाच्या टेबलावरून दुसऱ्या देशाच्या टेबलावर टपालाने जात राहिला आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसणे हाच अर्जदाराचा मुख्य उद्योग झाला.

स्वतंत्र भारत या व्यवहारात उशिरा उतरला. भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 चा, पण पहिला द्विपक्षीय करार बेल्जियमशी नोव्हेंबर 2006 मध्ये झाला आणि तो सप्टेंबर 2009 मध्ये अमलात आला. त्यामागे आता खाणमजूर नव्हता. पुण्या-मुंबईच्या कंपनीने दोन-तीन वर्षांसाठी युरोपात पाठवलेला संगणक अभियंता होता, ज्याच्या पगारातून दोन्ही देशांत कपात होत असे. करारानंतर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून मिळणारा आणि कंपन्यांत ‘सीओसी’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा दाखला दाखवला की यजमान देशातील वर्गणी माफ होते. बेल्जियमच्या बाबतीत ही सवलत 60 महिन्यांपर्यंत आहे. लक्षणीय गोष्ट अशी की ऑक्टोबर 2008 मध्ये भारताने करार नसलेल्या देशांच्या, येथे नोकरी करणाऱ्या नागरिकांना पगाराच्या मर्यादेविना पूर्ण वेतनावर वर्गणी भरायला लावली आणि 2010 मध्ये ती रक्कम सामान्यतः वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही असेही ठरवले. त्यामुळे वाटाघाटीला बसण्याचे कारण परदेशी कंपन्यांनाही मिळाले आणि पुढील काही वर्षांत जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, जपान यांच्याशी झालेले करार अमलात आले. लुत्सातींनी कारखाना-तपासणीचे वचन देऊन जे साधले, ते दिल्लीने कपात लावून साधले, असे म्हणण्यास हरकत नाही.

अमेरिकेशी असा करार आजवर झालेला नाही. तेथे निवृत्तिवेतनासाठी सर्वसाधारणपणे दहा वर्षांची वर्गणी लागते, तर एच-वन-बी या नोकरीच्या परवान्यावरचे वास्तव्य सामान्यतः सहा वर्षांचे असते. त्यामुळे मुदत संपून परतणाऱ्या अभियंत्याचा 6.2 टक्के आणि त्याच्या मालकाचा तितकाच हिस्सा तेथेच राहतो. ब्रिटनची तऱ्हा वेगळी आहे. तेथील राज्य निवृत्तिवेतन भारतात राहूनही मिळते, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही आणि रक्कम सुरुवातीच्या आकड्यावरच गोठलेली राहते; कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांचीही तीच गत, मात्र अमेरिकेत राहणाऱ्यांना वाढ मिळते. हा भेद अन्याय्य असल्याची तक्रार स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली आणि मार्च 2010 मध्ये तिथल्या मोठ्या पीठाने ती बहुमताने फेटाळली. परदेशातील वाढ ही दोन देशांनी परस्परांत ठरवायची बाब आहे आणि एका देशाशी करार केला म्हणून तोच लाभ इतर सर्वांना देण्याचे बंधन राज्यावर येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.