लैंगिक साधनांविषयीचा अभिप्राय: काय लिहावे, काय टाळावे

महाड, प्रतिनिधी – महाड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात रसायनाचे पिंप उघडण्यापूर्वी त्यावरील लेबल वाचावे लागते. आत काय आहे, ते त्वचेला लागले तर काय होते, कशाने धुवावे, हे त्यावर नमूद असते. तोच कामगार शिफ्ट संपवून बिरवाडीतील खोलीवर परततो आणि कुरिअरने आलेले खोके उघडतो, तेव्हा आतील लैंगिक साधनाच्या वेष्टनावर पुष्कळदा ‘बॉडी मसाजर’ या दोन शब्दांपलीकडे उपयोगाचे काहीच नसते. शरीराच्या सर्वांत नाजूक भागाशी संबंध येणाऱ्या वस्तूबद्दल मग विचारायचे कोणाला? दुकानदाराला विचारता येत नाही, शेजाऱ्याला तर नाहीच. आधीच्या ग्राहकाने लिहून ठेवलेला अभिप्राय, म्हणजेच ‘रिव्ह्यू’, एवढाच आधार उरतो. पोलादपूर तालुक्यातील कितीतरी घरांत पती नोकरीसाठी मुंबईला आणि पत्नी गावी अशी वर्षानुवर्षांची विभागणी आहे. अशा साधनांची गरज केवळ महानगरातील हौशी मंडळींना असते, हा समज त्यामुळे बाजूला ठेवावा लागेल.

लेबल का नसते?

या मौनाचे मूळ कायद्यातील संदिग्धतेत आहे. भारतात लैंगिक साधनांवर नाव घेऊन बंदी घालणारा स्वतंत्र कायदा नाही. मात्र अश्लील वस्तूंच्या विक्रीसंबंधीचे भारतीय दंड संहितेतील कलम २९२, म्हणजेच १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील कलम २९४, आणि अश्लील वस्तूंच्या आयातीस मनाई करणारी सीमाशुल्क विभागाची १९६४ सालची अधिसूचना यांची टांगती तलवार विक्रेत्यावर असते.

आपल्याच रायगड जिल्ह्यातील न्हावाशेवा बंदराशी निगडित एक प्रकरण या संदर्भात उल्लेखनीय आहे. आयात झालेले ‘बॉडी मसाजर’ सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी लैंगिक साधने ठरवून, १९६४ च्या अधिसूचनेचा आधार घेत जप्त केले. अपिलीय न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये ही कारवाई रद्द केली आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. असे मसाजर देशांतर्गत बाजारात विकले जातात, त्यांना अश्लील पुस्तके वा चित्रांच्या पंक्तीत बसवता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. निर्णय स्वागतार्ह असला तरी त्यातून ग्राहकाची अडचण सुटलेली नाही. वस्तू ‘मसाजर’ म्हणून विकली जाते तोवर तिच्या वेष्टनावर खऱ्या उपयोगासाठीच्या सूचना येणे कठीणच. २०२१ मध्ये गोव्यातील कळंगुट येथे असे साधन विकणारे दुकान उघडपणे सुरू झाले, तेही स्थानिक पंचायतीच्या कारवाईनंतर, व्यापार परवान्याच्या कारणावरून, अल्पावधीतच बंद पडले.

‘टॉय’ या शब्दानेही फसू नये. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेला खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांपुरता आहे. बाळाच्या रबरी बदकाला भारतीय मानकाची कसोटी आहे. प्रौढांच्या साधनाला ती लागू होत नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२१ मध्ये ‘आयएसओ ३५३३’ हे लैंगिक साधनांच्या रचनेचे व सुरक्षिततेचे मानक प्रसिद्ध केले. एखाद्या उत्पादकाने त्याचा उल्लेख केला असेल, तर अभिप्रायात तो आवर्जून नोंदवावा.

कर्वे यांचा मार्ग

मराठीत या विषयावर नेमके लिहिण्याची परंपराच नाही, असे म्हणणाऱ्यांनी र. धों. कर्वे यांचे स्मरण करावे. दापोली तालुक्यातील मुरूडशी नाते असलेल्या या गणिताच्या प्राध्यापकाने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. वाचकांच्या लैंगिक शंकांना आडपडदा न ठेवता उत्तरे दिल्याबद्दल कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये न्यायालयात त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला. मासिक मात्र त्यानंतरही कर्वे यांच्या हयातभर, १९५३ पर्यंत निघत राहिले. कर्वे यांच्या लेखनात चाळवणारी वर्णने शोधूनही सापडणार नाहीत. अवयवाला त्याचे नाव आणि साधनाला त्याचे काम, एवढ्यावर ते थांबत. अभिप्राय लिहिणाऱ्याने भाषेपुरता तरी हाच कित्ता गिरवावा.

त्यात कायदेशीर शहाणपणही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून अश्लील मजकूर प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. साधनाचे साहित्य, आकार, आवाज आणि स्वच्छता यांची माहिती निराळी, शय्यागृहातील प्रसंगाचे रसभरीत कथन निराळे. वाचकाला हवी असते ती पहिली.

सर्वप्रथम साहित्य

‘मस्त आहे, पैसे वसूल’ या वाक्यातून पुढच्या ग्राहकाच्या हाती काहीही पडत नाही. वस्तू कशाची बनली आहे, हे पहिल्या ओळीत यावे. सिलिकॉन, कडक एबीएस प्लास्टिक, बोरोसिलिकेट काच आणि स्टेनलेस स्टील ही सच्छिद्र नसतात. साबण-पाण्याने नीट स्वच्छ होतात. मोटार नसलेले अखंड सिलिकॉनचे साधन उकळताही येते. याउलट ‘जेली’ नावाने विकले जाणारे मऊ पीव्हीसी आणि टीपीई ही सच्छिद्र असतात. कितीही धुतली तरी ती पूर्णपणे निर्जंतुक होत नाहीत, म्हणून त्यांवर कंडोम चढवून वापरणे श्रेयस्कर. कोकणच्या पावसाळ्यात चामडी चपलेलाही बुरशी चढते, तिथे ओलसर ठेवलेल्या टीपीईची काय कथा! साधन जून ते सप्टेंबर या काळात कसे टिकले, हे येथील ग्राहकाने लिहिले तर पुणे-दिल्लीच्या दहा अभिप्रायांपेक्षा ते मोलाचे ठरेल.

पीव्हीसी मऊ करण्यासाठी थॅलेट वर्गातील रसायने मिसळतात, हे औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या अनेकांना ठाऊक असेल. त्यांपैकी काही संप्रेरकांच्या कार्यात व्यत्यय आणणारी मानली जातात. डेन्मार्कच्या पर्यावरण यंत्रणेने २००६ मध्ये केलेल्या पाहणीत काही लैंगिक साधनांत थॅलेट आढळली होती. खोके उघडताच उग्र वास आला, पृष्ठभाग चिकट वा तेलकट लागला, काही आठवड्यांत रंग उतरला, तर तसे लिहावे. ‘यात थॅलेट आहे’ असे मात्र लिहू नये. ते प्रयोगशाळाच सांगू शकते. जे दिसले आणि जे वाटले, यांतील सीमारेषा अभिप्रायात पुसट होऊ देऊ नये. ‘मेडिकल ग्रेड’ हे शब्दही उत्पादकाने कागदपत्र दिले असेल तरच पुढे न्यावेत.

वापरातील बारकावे

येथील भाड्याच्या खोल्यांत आणि एकत्र कुटुंबांत आवाज हा कळीचा मुद्दा असतो. ‘आवाज कमी आहे’ असे मोघम लिहिण्यापेक्षा परिचित वस्तूशी तुलना करावी: मोबाईलच्या थरथरण्याइतका, की मिक्सरसारखा? पंखा सुरू असताना बंद दाराबाहेर ऐकू येतो का? लांबी व घेर फूटपट्टीने मोजून सेंटिमीटरमध्ये द्यावा. जाहिरातीतील मापात मुठीचा भागही धरलेला असू शकतो. एका चार्जिंगमध्ये साधन किती मिनिटे चालले, हेही मोजण्याजोगे आहे. ‘आयपीएक्स ७’ असा दावा असल्यास एक मीटर पाण्यात तीस मिनिटे तग धरण्याची ती कसोटी असते. प्रत्यक्षात साधे धुतल्यावर चार्जिंगच्या जागी पाणी शिरले तर ते नोंदवावे.

गुदमार्गासाठी विकल्या जाणाऱ्या साधनाला रुंद तळ आहे की नाही, ही माहिती वगळणे अक्षम्य आहे. तळ नसलेली वस्तू आत सरकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. कोणते वंगण वापरले, तेही लिहावे. सिलिकॉनच्या साधनावर सिलिकॉनयुक्त वंगणाने पृष्ठभाग बिघडू शकतो, तर खोबरेल तेलाने लॅटेक्स कंडोम कमकुवत होतो. पाण्यावर आधारित जेल दोहोंना चालते. खाज, जळजळ झाली असल्यास संकोच न करता नमूद करावी. निदान मात्र डॉक्टरांवर सोपवावे.

मोबाईल ॲपवर चालणाऱ्या साधनाबाबत आणखी एक दक्षता. वापराची माहिती ग्राहकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून ‘वी-व्हाइब’च्या उत्पादक कंपनीने २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेत लाखो डॉलरची तडजोड केली होती. ॲपने ई-मेल, ठिकाण वा संपर्कयादी मागितली का, हे अभिप्रायात यायलाच हवे.

पैसे कोणी दिले?

साधन स्वतः विकत घेतले, सवलतीत मिळाले की फुकट, हे प्रारंभीच सांगावे. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वस्तूचा पुरस्कार करणाऱ्याने उत्पादकाशी असलेले आर्थिक संबंध जाहीर करणे आवश्यक आहे. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणले. प्रसिद्ध झाले तेव्हा ते ऐच्छिक होते. फुकट मिळालेल्या वस्तूचे दोष दाखवू नयेत असे कुठेही लिहिलेले नाही, पण अनेक अभिप्राय वाचताना तसा नियम असावा असेच वाटते.

अभिप्राय टोपणनावाने लिहिण्यात काहीही अप्रामाणिक नाही. लहान गावात ते आवश्यकच आहे. छायाचित्रात खोलीची खिडकी, कुरिअरच्या चिठ्ठीवरील पत्ता, कंपनीचे ओळखपत्र येणार नाही, हे तपासावे आणि जोडीदाराविषयी त्याच्या वा तिच्या संमतीशिवाय एक शब्दही लिहू नये. वस्तू सदोष निघाली आणि विक्रेत्याने ‘स्वच्छतेच्या कारणास्तव परत नाही’ असे उत्तर दिले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तेथे वस्तूचे नाव बिलावर आहे तसे ‘मसाजर’ सांगितले तरी चालते. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या अभिप्रायाखाली तीन-चार महिन्यांनी दोन ओळींची भर घालावी: मोटार चालते का, चार्जिंग टिकते का, पृष्ठभाग तसाच आहे का.