मूमिया आणि कफन

‘ममी’ हा शब्द इंग्रजीतून आला असे आपण समजतो. मुळात तो फारसीचा आहे. ‘मोम’ म्हणजे मेण आणि त्यावरून ‘मूमिया’, म्हणजे डोंगरातून झिरपणारे काळे डांबर. मोडलेल्या हाडावर हकीम ते देत असत. मिसरच्या जुन्या प्रेतांवरची काळी पडलेली राळ तशीच दिसे, म्हणून लोक प्रेतालाच मूमिया म्हणू लागले. इ. स. १२०० च्या सुमारास मिसरमध्ये राहिलेले बगदादचे तबीब अब्दुल लतीफ लिहितात, की या पदार्थाने भरलेली तीन डोकी त्यांना अर्ध्या दिरहमला मिळाली! पुढे युरोपातल्या औषधवाल्यांनी तर प्रेतांचीच पूड करून विकली.

ज्या देहांसाठी एवढी मेहनत घेतली होती, त्यांची ही गत झाली. सत्तर दिवस हे काम चाले. नाकातून सळई घालून मेंदू काढत. डाव्या कुशीला चीर देऊन यकृत, फुप्फुसे, जठर व आतडी काढून चार बरण्यांत ठेवत. हृदय मात्र जागीच राहू देत, कारण मृत्यूनंतरच्या न्यायालयात ते मातच्या पिसाबरोबर तोलले जाणार, अशी त्यांची श्रद्धा होती. मग सुमारे चाळीस दिवस देह नेट्रॉन नावाच्या खारात सुकवत. हे नेट्रॉन वादी नत्रूनमधून येई. त्यानंतर तेल, राळ आणि शेकडो मीटर तागी कापडाच्या पट्ट्या.

हे कापड बहुधा घरातलेच असे. वापरून विरलेल्या चादरी, जुने कपडे फाडून पट्ट्या करत. काहींवर शाईच्या खुणाही आहेत. गुस्ल देऊन, कापूर लावून तीन साध्या कापडांत मय्यत गुंडाळणाऱ्या आपल्याला ही माणसे इथे एकदम ओळखीची वाटतात. गरिबाला तर चटई आणि वाळूतला खड्डा, एवढेच मिळे. गंमत अशी, की त्या कोरड्या वाळूने कित्येक गरिबांचे देह फुकटात टिकवले.

राजांच्या कबरी मात्र चोरांनी फोडल्या. शेवटी पुरोहितांनीच राजांचे देह गोळा करून दैर-अल-बहरीच्या कड्यात लपवले. १८८१ मध्ये एमिल ब्रुग्श आणि अहमद कमाल यांनी ते बाहेर काढले. बोट नाईलमधून काहिऱ्याकडे निघाली, तेव्हा काठावरच्या फल्लाह बायका केस मोकळे सोडून मातम करत धावल्या, पुरुषांनी बंदुकीचे बार काढले. ते राजे मुसलमान नव्हते, पण गावातून मय्यत जात होती.

त्यांत दुसरा रामसेसही होता. सूरह यूनुसमध्ये फिरऔनचा देह निशाणी म्हणून राखल्याचा उल्लेख आहे. तो हाच, असे काही जण छातीठोकपणे सांगतात. कुणी मर्नेप्ताहचे नाव घेतात. कुरआनने नाव घेतलेले नाही. मग आपणच चिठ्ठी चिकटवण्याची घाई का करावी?

मृतांना असे मांडून ठेवावे का, हा प्रश्न मिसरमध्येही उठला. राष्ट्राध्यक्ष सादात यांनी १९८० मध्ये काहिऱ्याच्या संग्रहालयातले राजांचे दालन बंद केले. १९९४ मध्ये ते पुन्हा उघडले. ३ एप्रिल २०२१ रोजी बावीस राजे-राण्यांची रोषणाईत मिरवणूक निघाली आणि त्यांना नव्या संग्रहालयात नेण्यात आले. हे संग्रहालय फुस्तातमध्ये आहे. हजरत अम्र बिन आस यांनी वसवलेले शहर ते हेच. तिथे मंद उजेडात काचेखाली ते निजले आहेत. त्यांचे फोटो काढायला मनाई आहे.