विषाचे नाव

भोपाळ हे तळ्यांचे नगर. राजा भोजाच्या नावाशी जोडलेला मोठा तलाव, बेगमांनी उभारलेल्या मशिदी आणि टेकड्यांच्या उतारांवर पसरलेली वस्ती, ही त्याची जुनी ओळख. डिसेंबर १९८४ नंतर मात्र या नगराचे नाव उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात दुसरेच चित्र उभे राहते. त्या भीषण रात्रीची कथा पुष्कळदा सांगितली गेली आहे. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्या विषाने माणसे मेली, त्याचे नाव व त्याचे गुणधर्म त्या माणसांना आधी ठाऊक नव्हते. आणि नंतरही त्यांना ते सरळपणे कोणी सांगितले नाही.

युनियन कार्बाइड कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना भोपाळमध्ये १९६९ साली उभा राहिला. शेतातील किडीचा नाश करणारे ‘सेव्हिन’ नावाचे औषध तेथे तयार होई. प्रथम त्यासाठी लागणारी मूळ द्रव्ये बाहेरून येत. १९८० पासून मिथिल आयसोसायनेट हे त्यांतील सर्वांत घातक द्रव्य कारखान्यातच बनू लागले. ते करण्यासाठी फॉस्जीन हा वायू वापरला जाई. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांवर सोडला गेलेला हाच तो वायू. कारखान्याच्या भिंतीला लागून जयप्रकाशनगरासारख्या गरिबांच्या वस्त्या होत्या. पिकांचे औषध करणारा कारखाना, एवढेच त्या रहिवाशांना माहीत होते.

इशारे मिळालेच नाहीत, असे नाही. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीनच्या गळतीने एक कामगार मरण पावला. राजकुमार केसवानी या भोपाळच्या पत्रकाराने १९८२ साली आपल्या छोट्या हिंदी साप्ताहिकातून, शहर मृत्यूच्या तोंडाशी बसले आहे, असे निक्षून लिहिले. ते कोणी मनावर घेतले नाही.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत सुमारे ४२ टन मिथिल आयसोसायनेट होते. हे द्रव्य ३९ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाण्याशी संयोग होताच तापू लागते. ते थंड ठेवणारे यंत्र काही महिने आधीच बंद केलेले होते. बाहेर पडणारा वायू जाळून टाकणारा मनोराही दुरुस्तीसाठी बंद होता. मध्यरात्रीनंतर वायू बाहेर पडला. हवेपेक्षा दुप्पट जड असल्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत, झोपलेल्या माणसांच्या उंचीवरून, रेल्वे स्थानकाकडे व जुन्या शहराकडे सरकत गेला.

डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग होऊन लोक जागे झाले आणि वाट फुटेल तिकडे धावत सुटले. धावताना श्वास खोल जातो आणि त्याबरोबर विषही अधिक जाते. ओले फडके नाकातोंडावर धरा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका, एवढी दोन वाक्ये त्या वस्त्यांना आधी कोणी शिकवून ठेवली असती, तरी कित्येक जीव वाचले असते. ही वाक्ये सांगायला पैसा लागत नव्हता. लागत होती ती फक्त, भिंतीच्या आत काय साठवले आहे, याची कबुली.

पहाटेपर्यंत हमीदिया रुग्णालयाचे आवार माणसांनी भरून गेले. तेथील डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला, तो हाच, की हे विष कोणते? हा वायू डोळे चुरचुरवणारा आहे, फारसा धोका नाही, असे कंपनीच्या बाजूने सांगण्यात आले. डॉक्टरांपुढे पडलेली प्रेते मात्र निराळेच सांगत होती. गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. हीरेश चंद्र यांना शवविच्छेदनात मृतांचे रक्त चेरीच्या फळासारखे लालभडक दिसले. सायनाइडच्या विषबाधेत रक्ताला असा रंग येतो. तसे असेल, तर सोडियम थायोसल्फेट हे साधे, स्वस्त औषध उपयोगी पडेल, असे त्यांचे मत होते.

येथून एक वाद पेटला. तो महिनोन् महिने चालला, आणि रुग्ण मात्र ताटकळत राहिले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने चाचण्या घेऊन १९८५ च्या आरंभी हे औषध देण्याची शिफारस केली. तरीही सर्वसामान्य रुग्णापर्यंत ते पोहोचले नाही. जून १९८५ मध्ये तर हे औषध टोचणाऱ्या, लोकांनीच चालवलेल्या एका दवाखान्यावर पोलिसांनी छापा घातला. विषाची पूर्ण माहिती पहिल्याच दिवशी मोकळेपणाने दिली गेली असती, तर या वादाला एवढी जागाच उरली नसती.

वायू काही तासांत विरून गेला. शरीरांत शिरलेली व्याधी मात्र तेथेच राहिली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक वायुपीडितांची तपासणी केली, तेव्हा फुप्फुसांना झालेली इजा रेंगाळत असल्याचे दिसून आले. दुर्घटनेनंतर नऊ महिन्यांनी तीन हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी झाली. तीत आढळलेल्या ८६५ गर्भधारणांपैकी शेकडा ४३ हून अधिक प्रसंगी जिवंत मूल जन्माला आले नव्हते. जी ४८६ बाळे जिवंत जन्मली, त्यांपैकी शेकडा १४ महिन्याच्या आत दगावली. सरकारने पुढे ५,२९५ मृत्यूंची भरपाई दिली व साडेपाच लाखांहून अधिक जखमींची नोंद केली. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यातून बहुसंख्य जखमींच्या वाट्याला मूळ भरपाई म्हणून २५ हजार रुपये आले.

विषाचा दुसरा मार्ग जमिनीखालून होता. कारखान्याचा टाकाऊ माल आवारात पुरलेला व शेजारच्या तळ्यांत सोडलेला होता. त्यातील द्रव्ये झिरपत झिरपत आसपासच्या हातपंपांच्या पाण्यात उतरली. ज्यांनी १९८४ ची रात्र पाहिलीही नव्हती, त्यांनी हे पाणी वर्षानुवर्षे प्यायले. या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली द्यावा लागला. आवारात साठवलेला ३३७ टन विषारी कचरा तर जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलवून त्याच वर्षी जाळण्यात आला. म्हणजे एका पिढीचे आयुष्य सरून गेले, तेव्हा हे काम झाले.

भोपाळच्या धक्क्याने जगाला एक धडा घ्यायला लावला. आपल्या शेजारच्या कारखान्यात कोणती घातक द्रव्ये आहेत, हे जाणण्याचा हक्क नागरिकांना देणारा कायदा अमेरिकेने १९८६ साली केला. भारतातही १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन, धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या जनतेला देणे कारखानदारावर बंधनकारक झाले.

परंतु धडे विसरलेही जातात. त्याच अमेरिकेत जमिनीखालील खडकांत अडकलेला वायू काढण्यासाठी पाणी, वाळू आणि रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने खोल सोडून खडकाला भेगा पाडतात. या पद्धतीला ‘फ्रॅकिंग’ म्हणतात. २००५ च्या कायद्याने ती पेयजल-संरक्षणाच्या राष्ट्रीय कायद्यातून बव्हंशी वगळली गेली, आणि कित्येक रसायनांची नावे ‘व्यापारी गुपित’ म्हणून झाकून राहिली. अशा विहिरींच्या अगदी जवळ राहणाऱ्या मातांची बाळे कमी वजनाची जन्मतात, असे पेन्सिल्व्हेनिया राज्यातील अभ्यासांत आढळले. त्याच राज्यात २०१२ साली असा कायदा झाला, की रुग्णाला बाधलेले रसायन डॉक्टरला कळावे, पण ते गुप्त ठेवण्याचे त्याने लिहून द्यावे! तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ही तरतूद रद्द केली. हमीदिया रुग्णालयातील डॉक्टरांना १९८४ साली पडलेला प्रश्नच जणू सात समुद्रांपलीकडे पुन्हा विचारला गेला होता.

उद्योग हवेत, इंधन हवे, पिकांचे रक्षणही हवे. याविषयी दुमत नाही. पण ज्याच्या दाराशी विष साठवायचे, त्याला त्या विषाचे नाव आणि त्यावरचा उतारा आधी सांगणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ते त्याचे देणे आहे. भोपाळमध्ये ते देणे त्या रात्रीपूर्वी चुकते झाले नाही, आणि त्याचे व्याज जयप्रकाशनगराच्या गल्ल्यांतील माणसे आपल्या श्वासांनी फेडत राहिली.